निधीची रेघ

रेघ पुढे सरकली होती. शाळेतून आल्यावर मी पर्स खुंटीला अडकवली आणि टीव्हीचं टेबल पुसायला घेतलं. फडकं रिमोटवरून फिरलं, टीव्ही सुरू झाला आणि समोर निधीचं पान उघडलं. तिच्या नावाशेजारी तिनेच निवडलेलं पिवळं घुबड, खाली 'पुढे पाहा' असं लिहिलेलं, आणि त्याखाली तिच्या त्या कार्टून मालिकेचा चौकोन. चौकोनाच्या तळाशी एक बारीक लाल रेघ असते, माणसाने कुठवर बघितलं ते ती सांगते. निधी गेली तेव्हा ही रेघ मध्यावर होती आणि नंतरही तिथेच होती. माझ्या लेकीने काय अर्धं सोडलं याचा तेवढाच एक पुरावा घरात उरला होता, म्हणून मी तो अधूनमधून उघडून बघत असे, समईत तेल आहे की नाही बघावं तसं. आज रेघ मध्यावर नव्हती. ती पार उजवीकडे गेली होती, आणि भागाचं नावही पुढच्या भागाचं होतं. मी फडकं हातात धरून उभी राहिले. मला आधी काय वाटलं ते सांगते, मग तुम्ही हसा नाहीतर काही करा. मला वाटलं, बरं झालं, बघतेय. परगावी शिकायला गेलेली पोर नीट जेवतेय असं कळल्यावर आईला वाटावं, अगदी तेवढंच साधं वाटलं. मग मी टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच पिठाचा डबा उघडून झाकला.

श्रीनिधी आमची एकुलती एक. छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. करत होती. दिवाळीच्या सुट्टीला घरी येताना तिची जीप देवगाव फाट्याच्या पुढे उलटली. बाकीच्यांना खरचटलं. याहून जास्त मला त्याबद्दल बोलायचं नाही. ज्यांना बोलायचं होतं ते आमच्या बैठकीत बसून चहा पीत भरपूर बोलून गेले. ती मालिका म्हणजे कुठल्याशा परदेशातली, माणसांचे डोळे लिंबाएवढे आणि केस निळे-जांभळे. हिंदीत बोलायची सगळी. निधी सुट्टीत आली की जेवताना तिची गोष्ट सांगत बसायची. समुद्राकाठी एक चष्म्याचं दुकान आहे, तिथे एक मुलगी काचा घासते. गिऱ्हाईक येतं ते मेलेलं असतं, आणि त्याची तक्रार एकच, की घरची माणसं आता धूसर दिसायला लागली. मुलगी त्यांना चष्मा करून देते, तो घातला की घर एकदा स्वच्छ दिसतं आणि मग गिऱ्हाईक निघून जातं. मी म्हणायचे, भाजी घे. अनंतराव म्हणायचे, बारकी हायस का आता कार्टून बघायला. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, मनात मात्र लग्नापासून नावानेच हाक मारत आले आहे, आणि अलीकडे त्या नावाला बरीच धार आली होती. निधी त्यांच्याकडे लक्ष द्यायची नाही. ती बघताना ढसाढसा रडायची आणि वर भाकरी मागायची. मी एकदा म्हटलं, अगं रेघोट्यांची माणसं ती, त्यांच्यासाठी काय रडतेस. तर म्हणाली, आई, खरी माणसं रडताना लाजतात, तोंड फिरवतात. ही लाजत नाहीत, समोर बघून रडतात, म्हणून आपल्यालाही रडता येतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुली संधी सोडवत होत्या आणि मी खिडकीतून बाहेर लिंबाखाली उभ्या असलेल्या रिक्षा बघत होते. कोणी बघितलं असेल? अनंतरावांचा प्रश्नच नव्हता. सिंचन खात्यात हेडक्लार्क म्हणून आयुष्य घालवून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि टीव्हीवर बातम्यांच्या पलीकडे काही लावायचं असेल तर ते निधीला हाक मारायचे. ती गेल्यापासून बातम्याही लावत नव्हते. दुपारभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. वीज गेली-आली म्हणून रेघ सरकते का? आमच्याकडे वीज रोज जाते, मग आधी का सरकली नाही? राहिली प्राची. प्राची म्हणजे निधीची शाळेपासूनची मैत्रीण, आता पुण्यात नोकरीला आहे. हे सगळं खातं मुळात तिचं, तिनेच त्यात निधीला एक घुबडाचं घर करून दिलेलं. तिला नुसता एक फोन केला असता तर सगळं कळलं असतं. पण फोन केला की कळणार, हीच तर अडचण होती. ती 'हो काकू, मीच' म्हणाली असती तर? मी फोन केला नाही. घरी आले, हातपाय धुतले, अनंतराव मागच्या खोलीत आहेत याची खात्री केली आणि टीव्ही लावला. रेघ आता त्याच्याही पुढच्या भागात होती. मी काही लावलं नाही, बटणाला बोटसुद्धा लागू दिलं नाही. माझ्या हाताने रेघ सरकली असती तर मग कोणाची कोणती ते कसं कळणार? नुसती बघितली आणि बंद केलं. शेजारच्या सुलाबाई मेथी घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना दारातूनच कटवलं.

मला या गोष्टींवर विश्वास नाही असं मी जन्मभर म्हणत आले. पण दहाव्याला गंगाखेडला घाटावर मी होते, आणि तिथे काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गोदावरीत पाणी बेताचं होतं, ऊन चढत होतं, पिंड मांडून सगळे मागे सरून उभे होते आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर बसले होते की चांगले दहाबारा, येत नव्हते. मग नेहमीचं सुरू झालं. माणसाचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं, आणि हात जोडून मोठ्याने कबूल करायचं की आम्ही ते पुरं करू. माझी चारठाण्याची बहीण म्हणाली, निधे, तुझ्या आईला मी अंतर देणार नाही. दीर भगवानराव म्हणाले, तुझ्या नावाने शाळेत बक्षीस ठेवू. कोणी म्हणालं, लग्नाची इच्छा राहिली असेल, एका गरिबाच्या मुलीचं लग्न लावून देऊ. आणि माझी लेक लग्नाचं नाव काढलं की घरातून पळायची! मी म्हटलं, बाळा, मी सावरेन, तू माझी काळजी करू नकोस. कावळे ढिम्म. सगळे मग अनंतरावांकडे बघायला लागले, बापाने काही म्हणावं म्हणून. ते ओल्या धोतराने उभे होते. ओठ हलल्यासारखे वाटले, इकडे भाऊबंदांकडे, तिकडे ऑफिसातल्या माणसांकडे त्यांनी बघितलं, आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिले. गुरुजी म्हणाले, बोला, मनात असंल ते बोला. नाही बोलले. ऊन तापलं, जेवणं खोळंबली, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. माझ्या मते काहीच झालं नव्हतं. लेकीसाठी ज्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही त्या माणसाशी काय बोलायचं, हे मला तेव्हापासून सुचलेलं नाही. भाजी काय करू, दळण आणा, एवढ्यावर आमचं चाललं होतं.

शेवटी प्राचीला फोन केलाच. भीती एवढी वाढली होती की खात्री परवडली. इकडचं तिकडचं बोलले, तिच्या आईचे गुडघे, पुण्याचं ट्रॅफिक. मग सहज म्हटल्यासारखं म्हटलं, ती तुमची चष्म्याची मालिका, तू बघून संपवलीस का गं? ती म्हणाली की काकू, आमचं ठरलं होतं, एकटीने पुढे जायचं नाही. फोनवर दोघी एकाच वेळी बटण दाबायचो, एक दोन तीन म्हणून. आता मी ते पानसुद्धा उघडत नाही. ती रडायला लागली, मी तिला समजावलं, आणि समजावता समजावता माझ्या आत जे काही चाललं होतं त्याला आनंद सोडून दुसरं नाव नाही. प्राची नाही! म्हणजे कोणीच नाही. म्हणजे! त्या संध्याकाळी मी वरणफळं केली, निधीला आवडायची तशी, वर भरपूर तूप. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती. अनंतरावांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जेवले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आता माझा दिवस रेघेभोवती फिरू लागला. शाळेत जाताना मी टीव्हीचं मुख्य बटण चालू ठेवून जाई, जी गोष्ट निधी करायची आणि मी तिला रागवायची. समोरच्या खुर्चीवरचे कपडे उचलून ठेवी, बसायला जागा हवी म्हणून. हे वेड आहे हे मला कळत होतं. मी मराठी शिकवत असले तरी डोकं गहाण टाकलेलं नाही. पण कळण्याचा आणि करण्याचा संबंध तुटला होता. बहिणीचा फोन आला, चार दिवस चारठाण्याला ये, जागा बदलली की बरं वाटेल, देवळात बसून राहू. मी परीक्षेचं कारण सांगितलं. घर सोडून जायचं आणि मागे ती येऊन बघून जायची, हे कसं चालेल? एकदा भाजी घेऊन येताना राजेश्रीबाई भेटल्या, आमच्या शाळेतल्याच. म्हणाल्या, आता जरा माणसात आल्यासारख्या दिसता, तोंडावर तेज आलंय. मला त्यांना सांगावंसं वाटलं. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं असतं ते मला बघायचं नव्हतं. आणि मग एक नवीनच काळजी लागली. रेघ हळू चालायला लागली होती. सुरुवातीला भराभर भाग बदलत गेले, नंतर एकाच भागात ती रोज नखाएवढी सरकायची, कधी तर तेवढीही नाही. आता शेवटचा भाग आला होता, त्याच्या नावापुढेच तसं लिहिलेलं होतं. निधीला शेवट कधी आवडायचे नाहीत. पुस्तकाची शेवटची पानं ती मुद्दाम दोनदोन दिवस ठेवून द्यायची. म्हणजे तीच, यात मला शंका उरली नाही. पण हा भाग संपला की पुढे काय? पाणी तापायला ठेवून मी ते विसरायची, ते आटून भांडं करपल्याचा वास आला की धावायची. संपला की ती जाणार. गंगाखेडला जे झालं नाही ते इथे, माझ्या बैठकीच्या खोलीत होणार, आणि मी तेव्हा वर्गात कोणाला तरी समास शिकवत असणार. मी मनातल्या मनात म्हणत असे, नको बघूस. थांब. ठेव की अर्धं.

ऊन वाढलं आणि शाळा सकाळची झाली. घरी सांगायचं राहून गेलं. म्हणजे सांगण्यासारखं आमच्यात काही उरलंच नव्हतं. पहाटे उठून निघाले तेव्हा अनंतराव झोपलेले होते. दुपार व्हायच्या आत परत आले. रस्ता उन्हाने पांढरा पडला होता, कुत्री गटाराच्या कडेला पडली होती. फाटकाची कडी काढली आणि बैठकीच्या खिडकीतून आवाज आला. समुद्राचा आवाज, आणि त्यात हिंदीत बोलणारी एक बारीक आवाजाची मुलगी. मी पायरीवर थांबले. दार नुसतं लोटलेलं होतं. इथून परत फिरता आलं असतं. सुलाबाईंकडे जाऊन तासभर बसायचं, मग नेहमीच्या वेळी यायचं, रेघ बघायची, आणि सगळं होतं तसंच राहिलं असतं. मला ते हवं होतं. एवढं मला काहीच कधी हवं नव्हतं. पण आत माझी लेक असेल तर? आणि मी दाराबाहेर चपला घालून उभी? मी दार ढकललं.

अनंतराव टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसले होते, खुर्ची ओढून, मी रिकामी करून ठेवलेली तीच खुर्ची. बनियन, लुंगी, दोन्ही हातांनी रिमोट धरलेला. मला बघून ते दचकले, बटणं शोधायला लागले, चुकीची दाबली, शेवटी एकदाचं चित्र थांबलं. पडद्यावर ती निळ्या केसांची मुलगी तोंड अर्धं उघडून तशीच राहिली. मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच. माझ्या पोरीला त्यांनी दुसऱ्यांदा नेलं असं वाटलं. मी तिथेच खाली बसले, पर्स खांद्यालाच होती.

"मला वाटलं तीच बघायलीय," मी म्हटलं.

"म्हाईत हाय मला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत बोलत होते. म्हणाले, तू रोज येऊन बघतीस ते आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तू वरणफळं केलीस त्या दिवशी, तुला टीव्हीसमोर उभी बघून, आलं. तोवर मी भराभर बघत होतो, एकदाचं संपवायचं म्हणून. मग म्हटलं, हे संपलं तर हिचं काय होईल. म्हणून रोज दोन-पाच मिनिटं बघायचो आणि बंद करायचो. काल तर तेवढंही बघितलं नाही.

"पण संपवायचं कशाला होतं? तुमाला तर हे बारक्या लेकरांचं वाटायचं."

आता तोंड फिरवणार असं मला वाटलं, आणि त्यांनी फिरवलंही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग तसेच बोलले. "जीपमदी बसायच्या आधी तिचा मला फोन आला होता. म्हणली, बाबा, ह्या सुट्टीत शेवटचे भाग तुमच्यासंगं बघायचेत. कार्टून म्हणून हसायचं न्हाई. मी म्हणलं, बरं. दहाव्याला सगळे काय काय कबूल करायलेते. मला एकट्याला ठाऊक होतं, तिचं काय राह्यलंय ते. पर चार माणसात, भावकीत, ऑफिसची माणसं उभी... कार्टून बघतो म्हणून हात कसे जोडावं? लाज वाटली मला, सुमंगल. कावळा समोर होता आणि मला लाज वाटली."

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मला आठवलं, घाटावर त्यांचे ओठ हलले होते. मी ते बघितलं होतं, आणि एवढे महिने त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावून बसले होते. त्यांच्यावरचा राग गेला नाही. तो असा एका वाक्याने जात नसतो. पण त्याच्या आत इतका वेळ जे दाबून ठेवलं होतं ते वर आलं, आणि मी रडले. ते समोर बसलेत, खिडकी उघडी आहे, सुलाबाईंना ऐकू जाईल, याची पर्वा न करता रडले. त्यांनी पाणी आणून दिलं. मग विचारलं, आता काय करायचं. शेवटाला थोडंच राहिलंय. तू म्हणशील तर असंच ठेवू, मी पुन्हा हात लावणार नाही. आणि ते ठेवतील हे मला कळत होतं. मी म्हटलं असतं तर त्यांनी तिला दिलेला शब्द मोडला असता, माझ्यासाठी, आणि रेघ जन्मभर तिथेच राहिली असती. मला हो म्हणायचं होतं. मी पाणी प्याले, पेला खाली ठेवला आणि म्हटलं, मला आधीचं काही कळलेलं नाही. ही मुलगी कोण?

अनंतराव सांगायला लागले. नदीवर ज्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही ते अनंतराव खुर्ची माझ्याकडे वळवून, हात हलवून सांगायला लागले. ही पोरगी सगळ्यांना चष्मे करून देती, पर आपण स्वतःच मेलोय हे हिला माहीत नाही. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा रोज येऊन बसतो. हिला वाटतं, हे लाजरं गिऱ्हाईक, आत यायला भितंय. तो तिचा बाप असतो, आणि तो जिवंत असतो. तिला तो धूसर दिसतो म्हणून ओळखता येत नाही. ती आता स्वतःसाठी काचा घासायला बसलीय. मधेच एका भागात एक शाळामास्तर येतो, तो भाग फार चांगला आहे म्हणाले, तो त्यांनी दोनदा बघितला. ते थांबत नव्हते, आणि मी मध्ये मध्ये विचारत होते, मग? आणि तिची आई? जेवायची वेळ टळून गेली.

पडदा इतका वेळ थांबलेला होता. तो आपणच काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली. श्रीनिधी, अजून बघते आहेस का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. अनंतरावांनी ते वाचलं. त्यांनी रिमोट माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. माझ्या लेकीचं नाव पडद्यावर एवढं मोठं लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं.

"ती न्हाई," मी त्या टीव्हीला सांगितलं. "आमी बघायलोत."

आणि बटण दाबलं.